फणस सोडलेली माणसं

देवरूखहून ताईचा दीर तिला घेऊन आला ते वैशाखाचे दिवस होते. सर्व्हिस मोटारीतून त्यानं तिची ट्रंक उतरवली, आमच्या ओट्यावर ठेवली, गूळपाणी घेतलं आणि म्हणाला, "बरं वाटलं की कळवा." आमच्याकडे याला पोचवली म्हणतात. परत केली असं कुणी म्हणत नाही. तिची चार वर्षांची लेक मात्र त्यांनी तिकडेच ठेवून घेतली. आईचा दमा पोरीला लागेल, म्हणे.  ताई पायऱ्या चढून आली होती, तिला बोलवतच नव्हतं.

मी तेव्हा रत्नागिरीत माहेरीच होते. नवरा मुंबईला छापखान्यात, एका खोलीत सहा जण. तिथं मला कुठे ठेवणार? म्हणून लग्न होऊनही मी आईच्याच चुलीशी. ताईपेक्षा दोन वर्षांनी धाकटी आणि तोंडानं दहा वर्षांनी थोरली, असं आई म्हणायची. म्हणू दे. घरात एकाला तरी तोंड हवं होतं. ताईच्या दिराला गूळपाणी देताना मी म्हटलंच, "पोरीला आणलं असतंत तर बिघडलं असतं होय?" तो ऐकू न आल्यासारखा फाटकाकडे बघत राहिला आणि आईनं मला आतून चिमटा काढला.

तो पावसाळा कसा गेला ते आमचं आम्हाला ठाऊक. ताई खाटेची कड दोन्ही हातांनी धरून पुढे वाकून बसायची. गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जायचा. छातीत मांजराची पिल्लं कोंडल्यासारखा आवाज. आई शेकायची, मी पाठ चोळायची, वडील ओटीवर येरझाऱ्या घालायचे आणि बंदरावरच्या पेढीत कामाला जायचं विसरायचे. भिंती ओल्या, कपडे ओले, सरपण ओलं. चूल पेटवली की घरभर धूर. तिच्यासाठी आम्ही दोनदोन दिवस परसातल्या पडवीत स्वयंपाक केला. आणि ताई जरा श्वास आला की काय विचारायची? "माझ्या सोन्याचे केस कोण विंचरत असेल गो?" मला तिचा रागच यायचा. मरायला टेकलेय आणि केसांचं काय घेऊन बसलीस, असं वाटायचं. मग मागच्या दारी जाऊन मीच रडायची.

तिच्या सासऱ्यांनी निरोप पाठवला होता, तोही सभ्यपणाचा. "शिकलेल्या डॉक्टरनं माझ्यासमोर सांगावं की हिचा दम आता बरा आहे. मी आल्या मोटारीनं सुनेला घेऊन जाईन." झालं. तेव्हापासून आमचं सगळं घर त्या एका शब्दावर लटकलं. आईनं तर देव पाण्यात घातले.

डॉक्टर आमच्या गावचाच मुलगा. मुंबईला शिकून परत आला होता आणि बाजाराच्या मागच्या आळीत त्यानं दवाखाना घातला होता. मुलगा म्हणते खरी, पण तेव्हा आम्ही त्यांना अहोजाहोच करत असू. हडकुळे, चष्मा लावणारे, आणि खरं बोलायची खोड असलेले. पेशंटला बरं वाटेल असं दोन शब्द बोलावं, हे त्यांना जमतच नसे. "वाचेल का?" विचारलं तर "सांगता येत नाही" म्हणायचे. लोक कातावायचे, पण जायचे त्यांच्याकडेच.

गणपती गेल्यावर त्यांनी दम्याची दहाबारा माणसं गोळा केली. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या झाडपाल्याला एक जण अमृत म्हणतो, दुसरा थोतांड म्हणतो, नीट पाहात कुणीच नाही. तर आपण पाहू. विलायती गोळ्या सगळ्यांनी चालू ठेवायच्या, आणि त्यांच्या जोडीला रोज सकाळी एक काढा. निम्म्यांना अडुळसा, रिंगणी आणि भारंगमूळ यांचा खरा काढा. निम्म्यांना नुसतं गूळ-आल्याचं पाणी, दिसायला तसंच काळं. कुणाच्या बाटलीत काय हे फक्त त्यांना ठाऊक. दम लगेच मोकळा करणारी एक सुई होती, ती मात्र जिवावर बेतलं तरच टोचायची. ती मुंबईहून आगबोटीनं यायची. त्या दहाबारा जणांतल्या एकट्या राजिवड्याच्या, गलबतावरच्या म्हाताऱ्या तांडेलांना पूर्वी एकदा दिली होती, आणि "फुंकर मारावी तसा दम उडाला," असं ते सगळ्यांना सांगत सुटत.

"आणि एक," डॉक्टर म्हणाले, "हे चालू असेपर्यंत दुसऱ्या कुणाचं काहीही घ्यायचं नाही. नाहीतर गुण कशाचा ते मला कळणार नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलवायला आमचं काय जातं?

दम मोजायची त्यांची तऱ्हा मात्र मजेची होती. दवाखान्याच्या पडवीला लाकडी खांब होते. माणसानं एका दमात "हुतुतू" म्हणत राहायचं आणि डॉक्टरांनी एका चालीनं खांबाखांबानं चालत जायचं. दम तुटला की ते थांबायचे आणि खांबावर खडूनं खूण करायचे. तांडेल भर समुद्रात हाक मारावी तसे हुतुतू करायचे. बायकांची पंचाईत. पदराआड तोंड लपवून, पुटपुटत. ताईला पहिल्या दिवशी हसूच आवरेना, हसता हसता खोकला, आणि डॉक्टर पहिल्या खांबाशीही पोचले नाहीत. मी तिला रोज घेऊन जायची, म्हणून मला हे सगळं पाहायला मिळालं. डॉक्टर तोंड गंभीर ठेवून चालत आणि समोर म्हातारी माणसं पोरांसारखी हुतुतू करत. बघणाऱ्याला वाटावं, गाव खुळावलं.

पण ताईला उतार पडू लागला. खरंच पडला. दिवाळीपर्यंत ती दुसऱ्या खांबाशी आली. थंडी पडली, आम्ही धास्तावून होतो, तर थंडीतही ती उभ्यानं ताक घुसळू लागली. माघात तिनं विहिरीवरून कळशी आणली. मी ओरडले तिच्यावर, तर म्हणाली, "सवय नको व्हायला? तिकडे कोण आणून देणार आहे?" लेकीसाठी तिनं माझ्या जुन्या लुगड्याचे दोन परकर शिवले. एक आत्ताच्या मापाचा, एक वाढत्या अंगाचा. शिमग्याच्या सुमाराला डॉक्टर तिच्या हुतुतूला पडवीच्या पार टोकाला गेले आणि तिथं भिंतीशी उभे राहून चक्क हसले. तांडेलही सुधारले होते, आणि आणखी दोघं. बाकीचे होते तिथंच होते. वडिलांनी देवरूखला सांगावा धाडला, पाडवा झाला की या.

ताई आणि आई दर रविवारी सकाळी तरीतून भाट्याच्या खाडीपलीकडे जायच्या. देवीला जातो, म्हणायच्या. मला कशाला शंका येतेय? बरं वाटलं तर माणूस देवीला जातंच.

चैत्रात डॉक्टरांच्या बायकोच्या माहेराहून पहिला फणस आला. कापा, पिवळाधमक. हौशी बाई ती, परातभर गरे काढून पडवीत घेऊन आली आणि म्हणाली, "घ्या हो, लाजताय काय?" मी आधी दोन उचलले. ताई म्हणाली, "नको, मी खात नाही." मी तिच्या तोंडाकडेच पाहिलं. ही बया लहानपणी फणसावरून माझ्याशी झिंज्या उपटेपर्यंत भांडलेली! परात पुढे गेली. तांडेल म्हणाले, "नको बाय, मी सोडलाय फणस." पुढची कुणबीण म्हणाली, "माजाबी सोडलेला हाय." आणि कोपऱ्यातला गिरणीतून परत आलेला माणूस नुसताच हात आडवा करून बसला. बाकीचे सगळे मिटक्या मारत खात होते.

मला हसू आलं आणि ते अर्धंच राहिलं. कारण डॉक्टरांनी हातातला गरा परत परातीत ठेवला होता. ते शिकायला मुंबईला गेले असतील, पण जन्मले रत्नागिरीत. आमच्याकडे गावठी औषध घेतलं की त्याच्याबरोबर एखादं फळ नाहीतर भाजी जन्माची सोडावी लागते, हे त्यांना शिकवायला नको होतं. ज्या चौघांना गुण आला होता त्या चौघांनीच फणस सोडला होता.

"कुणाकडे जाता?" त्यांनी विचारलं. हळूच विचारलं. सगळे मूग गिळून बसले. तांडेलांनी दाढी खाजवली. कारण फणस सोडण्यापेक्षा मोठी अट दुसरी होती: औषध कुणाचं ते सांगायचं नाही, देणाऱ्याला बरं वाटलं असंही म्हणायचं नाही. सांगितलं की गुण जातो. आमच्या मुलखात हे कुणी शिकवत नाही, आईच्या दुधातूनच येतं.

डॉक्टरांनी ताईला बाजूला घेतलं. मी होतेच. "तुमचे सासरे पुढल्या आठवड्यात येणार. मी त्यांना शब्द द्यायचा आहे. तुम्ही काय घेता ते कळल्याशिवाय मी तो देऊ शकत नाही. उद्या त्यात सोमल निघाला, धोतरा निघाला, तर? जीव जाईल तुमचा तिकडे."

 दोन दिवस ताई घरात आतबाहेर करत राहिली. सांगावं तर गुण जाणार, न सांगावं तर शब्द मिळणार नाही. म्हणजे दोन्हीकडून पोरगी दुरावणार. हे असलं कोडं देवानं तिलाच घालावं! तिनं कधी कुणाच्या ताटातला घास घेतला नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आपण होऊन चपला घालून निघाली. दवाखान्यात तिनं कनवटीची पुडी काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. मागल्या रविवारी आणलेली होती ती. खाडीपलीकडचा एक म्हातारा देतो, उपाशी पोटी वेलची केळ्यात घालून खायची, एवढं सगळं तिनं एका दमात सांगितलं आणि मग घाबरून तोंडावर हात ठेवला.

डॉक्टरांनी पुडी उघडली. भिंगातून पाहिली, चिमूट जिभेला लावली, थोडी पत्र्यावर टाकून दिव्यावर धरली, थोडी कसल्याशा पाण्यात घालून पाहिली. आम्ही दोघी बाकावर. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली तर चेहरा उजळलेला.

"काही नाही हो यात! राख आहे कसल्या तरी सालीची, आणि तांदळाचं पीठ. विष नाही, औषधही नाही."

"मग काढ्यानंच गुण आला म्हणायचा," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा पुसला. "नाही. यांच्या बाटलीत काढा नव्हताच. गूळ-आलं होतं." आणि मग, देवा, तो माणूस अगदी आनंदानं म्हणाला, "म्हणजे बघा, गोळ्या तर सगळ्यांनाच आहेत, पण बाकी कशाशिवायच तुम्हाला बरं वाटतंय! याहून चांगली बातमी काय असणार?"

काय म्हणावं या माणसाला? त्यांचं चुकलं असं म्हणायला मला आजही जागा सापडत नाही आणि म्हणूनच आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ताईच्या एका हातात राख होती आणि दुसऱ्या हातात गुळाचं पाणी, पण दोन हात भरलेले होते ना! ते दोन्ही यांनी एका सकाळी रिकामे केले, आणि वर म्हणे आनंदाची बातमी. ताई बाकावरून उठली, नमस्कार केला, आणि रस्त्यानं मला म्हणाली, "मग मी इतके दिवस कशावर उभी होते गो?"

घरी आईनं कपाळ बडवलं. "सांगितलंस? अगो, सांगितलंस?" दुसरं काही तिच्या तोंडून निघेना. त्या रविवारी कुणीच खाडीपलीकडे गेलं नाही.

सासरे ठरल्या दिवशी आले, आणि पोरीला घेऊन आले. ते मनानं वाईट नव्हते. सुनेला न्यायचीच या तयारीनं आले होते, म्हणून तर नातीला आणलं. पोर मोठी झाली होती. आधी आजोबांच्या धोतरामागे लपली, मग हळूहळू ताईच्या मांडीशी आली आणि तिच्या बांगड्या मोजू लागली. ताईनं तिचे केस सोडले, विंचरले, वेणी घातली, पुन्हा सोडली, पुन्हा घातली. आई आत लाडवाचा डबा बांधत होती. परकर ट्रंकेत वरच ठेवलेले.

त्या दिवसांत सगळीकडे भाजावळ चालली होती. भातशेतं पेरणीआधी पालापाचोळा घालून भाजतात, त्याचा धूर गावावर धरून राहतो. त्या धुरानं झालं असेल. सांगून बसल्याच्या भीतीनं झालं असेल. मला ठाऊक नाही, कुणालाच ठाऊक नाही. दवाखान्यापर्यंत चालत जातानाच ताईचे खांदे वर आले.

सासरे बाकावर बसले. मी डॉक्टरांना आतल्या खोलीत गाठलं. "तांडेलांना दिलीत ती सुई द्या हिला. आत्ता द्या. त्यांच्यासमोर पडवीचं टोक गाठू दे, मग पुढचं पुढे बघू."

"सुईनं मोकळा केलेला दम दाखवून मी त्यांना शब्द कसा देऊ?" ते म्हणाले. "चार घटकांत सुई उतरेल. ती फसवणूक होईल, बाई."

"होऊ दे की!"

ते तसेच बाहेर गेले.

ताईनं पदर खोचला आणि हुतुतू म्हणायला सुरुवात केली. डॉक्टर चालू लागले. पोरीला तो खेळच वाटला. ती टाळ्या पिटत डॉक्टरांच्या पुढे पुढे धावू लागली, आणि टोकाच्या भिंतीशी जाऊन हात पसरून उभी राहिली. "ये, ये!" म्हणून आईला बोलावत होती. ताईचा दम पहिल्या खांबाशी तुटला. तिनं पुन्हा सुरू केलं, कुणी सांगितलं नसताना. पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा आवाजच आला नाही, नुसते ओठ हलले. ती खाली बसली आणि पोर भिंतीशी तशीच हात पसरून उभी.

 सासरे उठले, म्हणाले, "आमच्याकडे मोठी चूल आहे. पाऊस तुमच्याहून जास्त. मी हिला मारायला कसा नेऊ?" त्यांचे डोळे भरले होते, खोटं नाही सांगत.  संध्याकाळच्या मोटारीनं आजोबा नातीला घेऊन गेले. परकर तेवढे मी धावत जाऊन दिले.

त्यानंतर ताईनं सगळंच सोडलं. गोळ्या नकोत, काढा नको, शेक नको. डॉक्टरांनी खरा अडुळसा पाठवला, तो तिनं तुळशीत ओतला. "मी सांगून बसले," म्हणायची. "आता मला कशाचाच गुण यायचा नाही. उगाच वाया नका घालवू." आईनं पाया पडून पाहिलं, वडिलांनी रागावून पाहिलं, मी शिव्या देऊन पाहिल्या. पावसाळ्यात दोनदा डॉक्टर सुई घेऊन दारात आले आणि दोनदा तिनं दाराला आतून कडी घातली. ती त्या पावसाळ्यातून जगली कशी, याचं मला नवल वाटतं. जगायचं तिच्या मनात नव्हतं एवढं खरं. पण कधी फाटक वाजलं की मान उचलायची. कुणी पोरीला घेऊन आलं असेल, असं तिच्या मनात अजून कुठेतरी होतं.

मार्गशीर्षात देवरूखचे एक गृहस्थ कोर्टाच्या कामाला रत्नागिरीला आले होते. ते ओटीवर वडिलांशी बोलत बसले. हवापाणी, भाताचं पीक, मग जरा आवाज उतरवून म्हणाले, तुमच्या जावयाचं दुसरं लग्न झालं, मागल्या सोमवारी. मुलगी तिकडचीच, धडधाकट आहे. नात तिला आई म्हणायला लागली, चला, पोरीचं तरी भलं झालं.

ताई आतल्या दाराशी तांदूळ निवडत होती. सूप तिच्या हातातून पडलं नाही. तिनं ते नीट खाली ठेवलं.

दुपारपर्यंत तिचे ओठ काळेनिळे झाले. असा जोर तिला आधी कधी झाला नव्हता. वडील अनवाणी धावले. डॉक्टर आले, बॅग उघडली, तिनं मान हलवली. नको, नको. बोलायला श्वास कुठला? "धरा हिला," डॉक्टर म्हणाले. वडिलांनी खांदे धरले, मी हात धरला, चांगला जोर लावून धरला, आणि त्यांनी सुई टोचली.

पेलाभर दूध तापायला लागेल एवढा वेळ गेला असेल. तिचे खांदे खाली आले. छातीतला आवाज विरत विरत गेला. ओठांवर रंग आला. तिनं भिंतीला पाठ टेकली, दीर्घ श्वास घेतला, आणखी एक घेतला, जणू विश्वास बसत नव्हता. पाणी मागितलं आणि फुलपात्रभर पाणी घटाघटा प्याली. आई डॉक्टरांच्या पायाशी वाकली. मलाही वेडीला हसू फुटलं. गुण आला होता! सांगून बसलेलीला गुण आला होता!

ताईनं डॉक्टरांकडे पाहिलं. मी त्या दिवशी आतल्या खोलीत काय बोलले ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"ही सुई," ती विचारू लागली, आणि किती दिवसांनी तिचा आवाज स्वच्छ आला, "माझे सासरे आले त्या दिवशी होती तुमच्याकडे?"

डॉक्टर सुई पुसत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात हात जोडले. एकदाच, मेल्या, आजच्या दिवस खोटं बोल.

"होती," ते म्हणाले.